कार्यालयात जाताना सुगंधी प्रसाधने कशी वापरावीत

वातानुकूलित कार्यालयात बरीचशी हवा आतल्या आतच फिरत राहते. त्यामुळे एकाने फवारलेला डिओ सर्वांच्याच वाट्याला येतो आणि दमा किंवा अर्धशिशी असलेल्या सहकाऱ्याला त्याचा त्रास होऊ शकतो. कामाच्या दिवशी अत्तर व डिओ शक्यतो टाळावेत. ते जमत नसेल, तर घरीच अगदी थोडे लावावेत. लिफ्टमध्ये किंवा स्वच्छतागृहात फवारा मारणे तर नकोच.

खरेदी करताना वेष्टनाच्या दर्शनी भागावर विसंबू नये. घटकांच्या यादीतील ‘परफ्यूम’ या एकाच शब्दामागे अनेक रसायने असू शकतात, आणि ‘अनसेंटेड’ (वास नसलेले) म्हणवणाऱ्या उत्पादनातही मूळ वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्य घातलेले असू शकते; म्हणून ‘फ्रॅग्रन्स-फ्री’, म्हणजे सुगंधद्रव्य न घातलेले, उत्पादन निवडावे आणि तरीही यादी वाचावी. ‘नैसर्गिक’ या दाव्यानेही भुलू नये, कारण लव्हेंडरच्या तेलातील लिनालूल या सुगंधी घटकाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाल्यावर त्वचेला ॲलर्जी आणू शकणारी संयुगे तयार होतात. कपड्यांच्या सुगंधी कंडिशनरकडे मात्र, अत्तर सोडलेल्यांचेही, हमखास दुर्लक्ष होते.

ज्यांना त्रास होतो, त्यांनी सहकाऱ्याशी एकांतात बोलावे आणि दोष न देता ‘मला या सुगंधाने धाप लागते’ एवढेच सांगावे. तेवढ्याने भागले नाही, तर जागा बदलून देण्याची लेखी विनंती मनुष्यबळ विभागाकडे करावी.