नेदरलँड्सला नोकरीसाठी जाताना: तीस टक्के करसवलत आणि विम्याचे नियोजन

परदेशातून भरती झालेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त भत्ता म्हणून देण्याची मुभा नेदरलँड्सचा कायदा तेथील कंपन्यांना देतो. ‘थर्टी पर्सेंट रूलिंग’ या नावाने ही सवलत आपल्याकडच्या आयटी आणि अभियांत्रिकी क्षेत्रात चांगलीच परिचित आहे. ती जास्तीत जास्त ६० महिने मिळते. नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून अधिक महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा दूर वास्तव्य असावे लागते आणि करपात्र पगार ठरावीक मर्यादेच्या वर असावा लागतो. २०२५ साली ही मर्यादा ४६,६६० युरो होती. अर्ज कंपनी आणि कर्मचारी या दोघांनी मिळून करायचा असतो आणि रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो केला, तरच सवलत पहिल्या दिवसापासून लागू होते. १ जानेवारी २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्क्यांवर येणार आहे. २०२४ पूर्वीपासून सवलत घेणाऱ्यांना मात्र ही कपात लागू नाही.

ॲमस्टेलव्हीन किंवा आइंडहोव्हनला निघालेल्या मंडळींची चर्चा बहुधा महिन्याला हातात किती पडेल इथपर्यंतच येऊन थांबते. विम्याचा विचार करताना याच सवलतीची दुसरी बाजू समोर येते. हातात पूर्ण पगार येतो, पण आजारपण, अपंगत्व आणि बेकारी यांसाठी मिळणारे सरकारी संरक्षण त्यातल्या उरलेल्या ७० टक्क्यांवर मोजले जाते. पुढचे सगळे नियोजन ही एक गोष्ट धरून करावे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम तुम्ही कोणत्या देशाच्या सामाजिक सुरक्षेखाली आहात ते निश्चित करा. भारत आणि नेदरलँड्स यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार डिसेंबर २०११ पासून अमलात आहे. भारतातल्या कंपनीच्या वेतनपटावर राहून ‘ऑनसाइट’ जाणाऱ्या कर्मचाऱ्याला ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ मिळू शकते आणि त्या मुदतीत त्याचा भविष्य निर्वाह निधी भारतातच चालू राहतो. डच कंपनीशी थेट करार केलेला माणूस मात्र पूर्णपणे डच व्यवस्थेत जातो. एकाच इमारतीत शेजारी राहणाऱ्या दोन मराठी कुटुंबांची विम्याची गरज त्यामुळे अगदी वेगळी असू शकते. म्हणून मित्राने घेतलेली पॉलिसी डोळे झाकून घेऊ नये. डच सामाजिक विमा लागू नसेल तर तिथला सक्तीचा आरोग्य विमा घेताच येत नाही आणि कंपनीने दिलेल्या खासगी आरोग्य विम्याचा कागद बारकाईने वाचावा लागतो. शंका असल्यास ‘एसव्हीबी’ या डच सामाजिक विमा कार्यालयाकडे अर्ज करून लेखी निर्णय मिळवता येतो.

डच व्यवस्थेत येणाऱ्या प्रत्येकाला चार महिन्यांच्या आत ‘बासिसफेरझेकरिंग’, म्हणजे मूळ आरोग्य विमा घ्यावाच लागतो. मुदतीत घेतला तर तो सक्ती सुरू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो आणि हप्ताही त्या दिवसापासूनचा भरावा लागतो, त्यामुळे दोन-तीन महिने थांबून पैसे वाचतील ही समजूत चुकीची आहे. मुदत टळली तर मागच्या खर्चाची भरपाई मिळत नाही. ‘सीएके’ या संस्थेचे पत्र येते आणि त्यानंतरही विमा न घेतल्यास दंड होतो. या विम्याची सर्वांत मोलाची बाब अशी की मधुमेह, हृदयविकार किंवा आधीचा कोणताही आजार असला तरी विमा कंपनी मूळ विमा नाकारू शकत नाही आणि त्यासाठी जादा हप्ताही लावू शकत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना हप्ता नाही, पण त्यांची नोंदणी करावीच लागते. प्रौढांना वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात. ‘हाउसआर्ट्स’, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडच्या भेटी आणि प्रसूतीपूर्व तपासण्या या ३८५ युरोंच्या अटीतून वगळल्या आहेत. ही रक्कम स्वेच्छेने आणखी ५०० युरोंनी वाढवली की हप्ता कमी होतो, परंतु नव्या देशातल्या पहिल्या वर्षी तसे करू नये. प्रौढांचे नेहमीचे दंतोपचार मूळ विम्यात येत नाहीत, म्हणून दातांची रखडलेली कामे निघण्यापूर्वीच उरकून घ्यावीत. विमानात बसल्यापासून ही नोंदणी पूर्ण होईपर्यंतच्या काळासाठी प्रवासी आरोग्य विमा हाताशी असावा.

आता उत्पन्नाच्या संरक्षणाकडे येऊ, कारण करसवलतीचा खरा परिणाम इथे दिसतो. समजा, करारातला वार्षिक पगार ७०,००० युरो आहे. त्यातले २१,००० युरो करमुक्त भत्ता झाले आणि ४९,००० युरो करपात्र पगार उरला. नोकरी गेल्यास मिळणारा बेकारी भत्ता पहिले दोन महिने ७५ टक्के आणि पुढे ७० टक्के असतो, पण तो या ४९,००० वर मोजला जातो. म्हणजे वर्षाच्या हिशेबाने सुमारे ३४,३०० युरो, आणि तेही करपात्र. करारातल्या पगाराच्या निम्म्याहूनही ही रक्कम कमी भरते. दीर्घ आजारपणात पहिली दोन वर्षे कंपनीला किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो, आणि त्यानंतर ‘डब्ल्यूआयए’ हा अपंगत्व कायदा लागू होतो. तिथेही करपात्र पगाराचाच आकडा धरतात आणि कमाईची क्षमता ३५ टक्क्यांहून कमी घटली असेल तर काहीच मिळत नाही. मोठ्या पगारांना कमाल मर्यादाही आहे. २०२५ साली ती वर्षाला ७५,८६४ युरो होती, तेव्हा १,२०,००० युरो कमावणाऱ्याची तूट सवलतीमुळे नव्हे, तर या मर्यादेमुळे पडते. तूट मात्र पडतेच.

स्वतःचा आकडा पाहण्यासाठी पगारपत्रक उघडा आणि त्यात ‘एसव्ही-लोन’, म्हणजे सामाजिक विम्यासाठी धरलेला पगार, ही ओळ शोधा. तुमचे सरकारी संरक्षण त्या ओळीतल्या रकमेवर उभे असते. ती रक्कम आणि घराचा दरमहाचा खर्च कागदावर शेजारी शेजारी लिहून काढले की किती तूट भरून काढायची ते स्पष्ट होते. मग कंपनीच्या एचआरला तीन प्रश्न लेखी विचारावेत: आजारपणात पगार किती टक्के आणि कशावर मोजून देता, डब्ल्यूआयएतली तूट भरून काढणारा सामूहिक विमा आहे का, आणि पेन्शनची वर्गणी पूर्ण पगारावर जाते की कमी झालेल्या पगारावर? सामूहिक विमा असेल तर तो जरूर घ्यावा, कारण एकट्याने तसाच विमा काढणे महागही पडते आणि आरोग्याची विचारपूसही होते. शिवाय अतिकुशल स्थलांतरित म्हणून वास्तव्याचा परवाना असेल तर नोकरी गेल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. बेकारी भत्त्याचा हक्क त्याहून लांबचा असला तरी वास्तव्याचा हक्क तितका टिकत नाही, म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च युरोमध्ये बाजूला असणे मला कोणत्याही पॉलिसीइतकेच आवश्यक वाटते.

आयुर्विमा निघण्यापूर्वी भारतात काढणे सोपे जाते. वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे इथेच पूर्ण होतात. आधीची टर्म पॉलिसी असेल तर परदेशी वास्तव्याची माहिती विमा कंपनीला लेखी कळवून पोच जपून ठेवावी आणि हप्ता एनआरई किंवा एनआरओ या अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यातून जाईल अशी व्यवस्था करावी. एक कोटी रुपयांचे संरक्षण भारतात भरघोस वाटते, परंतु युरोमध्ये ते साधारण एक लाखाच्या आसपास भरते. जोडीदार आणि मुले तिथेच राहणार असतील आणि घरासाठी कर्ज काढले असेल तर ते पुरणार नाही. कर्जापुरता वेगळा डच आयुर्विमा घेणे अशा वेळी योग्य ठरते.

एंडोमेंट किंवा युलिपसारख्या बचतीच्या पॉलिसींबाबत जुना सल्ला आता चालत नाही. सवलतधारकांना पूर्वी भारतातली गुंतवणूक डच करविवरणातून बाहेर ठेवण्याचा पर्याय होता; तो १ जानेवारी २०२५ पासून बंद झाला आणि २०२३ अखेर सवलत सुरू असलेल्यांपुरताच २०२६ अखेरपर्यंत चालू आहे. त्यामुळे अशा पॉलिसींचे १ जानेवारीचे मूल्य म्युच्युअल फंड आणि ठेवींबरोबर ‘बॉक्स ३’ मध्ये, म्हणजे डच करविवरणातल्या बचत-गुंतवणुकीच्या भागात, दाखवावे लागते. दरवर्षी त्या तारखेचे सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडल्यास मिळणारी रक्कम, विमा कंपनीकडून लेखी मागवून घ्यावे.

भारतातला स्वतःचा आरोग्य विमा बंद करण्याची घाई करू नये. खंड पडला तर परतल्यावर पुन्हा तपासणी होते आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाल नव्याने सुरू होऊ शकतो. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला ही किंमत बरीच मोठी पडते. आईवडील त्याच फ्लोटर, म्हणजे कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत असतील तर त्यांची पॉलिसी वेगळी करून घ्यावी आणि कॅशलेस कार्ड व दाव्याची माहिती पुण्या-नाशिकात राहणाऱ्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे द्यावी.

सायकलवरून जाताना कुणाला धडक बसणे किंवा मुलांच्या हातून शेजाऱ्याचे नुकसान होणे यासाठी तिथे ‘एव्हीपी’ हा दायित्व विमा असतो. महिन्याला मोजके युरो लागतात. पहिल्याच आठवड्यात घ्यावा.

सगळ्या हप्त्यांची बेरीज सवलतीनंतरच्या, म्हणजे एकसष्टाव्या महिन्याच्या पगाराशी ताडून पाहावी. तो पगार झेपवू शकणार नाही असा दीर्घ मुदतीचा हप्ता आज सुरू करू नये. परत येताना नगरपालिकेत वास्तव्याची नोंद रद्द करून मूळ विमा त्याच तारखेपासून बंद करण्याचे विमा कंपनीला कळवावे, भारतीय विमा कंपन्यांकडे पत्ता आणि निवासी दर्जा बदलून घ्यावा आणि डच वृद्धापकाळ पेन्शनची नोंद जपून ठेवावी. विमाधारक म्हणून काढलेल्या प्रत्येक वर्षाला त्या पेन्शनचे २ टक्के जमा होतात आणि त्यावर तीस टक्के सवलतीचा काहीही परिणाम होत नाही.