गिनी पिगचा श्वासाचा त्रास जातच नाहीये? मग या चुका टाळा

गिनी पिगला सर्दीसारखं काहीतरी झालं, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, आठवडाभर बरं वाटलं आणि मग परत तीच घरघर. परत तेच औषध, परत थोडा आराम, परत घरघर. या चक्रात अडकलेले खूप लोक भेटतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की आता कुठलं औषध देऊ? माझं म्हणणं असं आहे की त्रास दुसऱ्यांदा आला की प्रश्नच बदलायला पाहिजे. औषध कुठलं हे नंतर, आधी हा त्रास नक्की कशामुळे होतोय ते शोधा. कारण "श्वासाचा त्रास" हा आजार नाही, ते लक्षण आहे, आणि त्याच्यामागे इन्फेक्शन, हृदय, दात, गाठ, पोटातला गॅस, पिंजऱ्यातली हवा यातलं काहीही असू शकतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. गिनी पिग नाकानेच श्वास घेतो. आपलं नाक चोंदलं की आपण सरळ तोंडाने श्वास घेतो, त्याला ते सहज जमत नाही. त्यामुळे गिनी पिग तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर त्याची ताकद संपत आलीय असं समजा. तोंड उघडं, मान पुढे ताणलेली, पोटाच्या बाजू जोरात आतबाहेर होतायत, ओठ किंवा पायाचे तळवे निळसर-राखाडी पडलेत, यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, लगेच ऑक्सिजनची सोय असलेल्या डॉक्टरकडे घेऊन जा. आणि नेताना उताणं अजिबात धरू नका, छाती दाबली जाईल असं उचलू नका.

शिंक ऐकून घाबरणं आणि शांत लक्षणं सोडून देणं

गवत खाताना दोन-चार शिंका येणं नॉर्मल आहे. डोळ्यातून कधीतरी दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि तो त्याने लगेच तोंड धुवून घेतो, तेही नॉर्मल, ती त्यांची स्वच्छतेची पद्धत आहे. लोक याने घाबरतात आणि खरी लक्षणं मात्र सुटतात, कारण गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवण्यात एकदम पटाईत.

बघायचं काय तर पुढच्या पायांची आतली बाजू. नाक वाहत असेल तर तो ते पंजांनी पुसत राहतो, त्यामुळे नाक स्वच्छ दिसतं पण पंजाच्या आतले केस चिकटून कडक झालेले असतात. हे नाक बघण्यापेक्षा जास्त खरं सांगतं. दुसरं म्हणजे डोळ्याभोवती सुकलेली खपली, अंगावरचे केस फुगवून कोपऱ्यात बसणं, गवताकडे जाऊन वास घेऊन परत फिरणं.

आणि श्वास मोजा. तो निवांत बसलेला असताना, हातात न घेता, लांबून मोबाइलवर व्हिडिओ काढा, मग बरगड्यांच्या मागे कुशीची हालचाल ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. आरामात असताना मिनिटाला साधारण ४० ते १०० श्वास ही रेंज धरतात, म्हणजे खूप मोठी रेंज आहे, म्हणून तब्येत चांगली असतानाचा तुमच्या पिगचा आकडा लिहून ठेवलेला असेल तर तो सगळ्यात उपयोगी. तो व्हिडिओ डॉक्टरांनाही दाखवा, कारण क्लिनिकच्या टेबलावर घाबरून श्वास असाही वाढतो आणि घरी येणारा तो आवाज तिथे नेमका येत नाही.

घरात पडलेलं अँटिबायोटिक देणं

ही चूक जीव घेते, म्हणून स्पष्ट लिहितो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, तोंडावाटे दिलेलं कुठलंही पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, ही गिनी पिगला द्यायची औषधं नाहीत. कुत्र्या-मांजरांना आणि माणसांना यातली बरीच अगदी सर्रास चालतात, म्हणूनच गडबड होते. गिनी पिगचं पचन आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांवर चालतं, ही औषधं त्यांना मारून टाकतात, मग क्लॉस्ट्रिडियम जातीचे बॅक्टेरिया माजतात, विष तयार होतं आणि काही दिवसांत जुलाब होऊन प्राणी जातो. सर्दीने गेला नसता तो औषधाने जातो.

गिनी पिगसाठी डॉक्टर सहसा एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, डॉक्सिसायक्लिन असली औषधं वापरतात, तीसुद्धा ग्रॅममधल्या वजनावरून मोजून. त्यामुळे जमेल तेवढं लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या, म्हणजे एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जा, आणि कुणीही औषध लिहून दिलं की त्याचं नाव विचारा. विचारण्यात संकोच कसला, पिग तुमचा आहे. स्टेरॉइडचंही तसंच, इन्फेक्शन असताना स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

तेच औषध परत परत

आता मुख्य मुद्दा. त्रास टिकून राहण्याची एक साधी शक्यता म्हणजे कोर्स अर्धवट सोडला. चौथ्या-पाचव्या दिवशी पिग उड्या मारायला लागतो, औषध कडू असतं, तो तोंड फिरवतो, आपल्यालाही वाटतं झालं आता बरं. पण न्यूमोनियाला दोन-तीन आठवडे किंवा त्याहूनही जास्त औषध लागू शकतं, मध्येच सोडलं की उरलेलं इन्फेक्शन परत डोकं वर काढतं आणि पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देईलच असं नाही.

पण कोर्स पूर्ण केला, डोस बरोबर होता, आणि तरीही त्रास आला किंवा गेलाच नाही, तर तिसऱ्यांदा तेच औषध सुरू करू नका. डॉक्टरांना सरळ सांगा की आता तपासण्या करूया. नाकातल्या स्रावाचं कल्चर केलं तर कुठला बॅक्टेरिया आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते कळतं. बॉर्डेटेला आणि स्ट्रेप्टोकोकस हे दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत, आणि बॉर्डेटेला सशांमध्ये, कुत्र्यांमध्ये काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो, त्यामुळे ससा आणि गिनी पिग एकत्र ठेवले असतील तर औषधं कितीही बदला, इन्फेक्शन शेजारूनच परत येऊ शकतं. ससा वेगळा ठेवा, शक्यतो वेगळ्या खोलीत.

मग छातीचा एक्स-रे. मला विचाराल तर टिकून राहिलेल्या त्रासात सगळ्यात जास्त उशीर इथेच होतो. एक्स-रेमध्ये फुफ्फुसात न्यूमोनिया आहे का, पाणी आहे का, हृदय मोठं दिसतंय का, गाठ आहे का, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तीन वर्षांवरच्या गिनी पिगमध्ये फुफ्फुसातली गाठ ही काही फार दुर्मिळ गोष्ट नाही, आणि तिला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

हृदयाचं तर फारच दुर्लक्ष होतं. पिगला ताप नाही, नाक कोरडं आहे, पण थोडं पळाला की थांबतो, झोपेत किंवा चालताना हू-हू किंवा टकटक असा बारीक आवाज येतो, वजन हळूहळू उतरतंय, आणि अँटिबायोटिकने काहीच फरक नाही, असं चित्र असेल तर हृदयाची शंका घ्यायलाच हवी. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली तर खात्री होते. इको शक्य नसेल तर काही डॉक्टर लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड थोड्या दिवसांसाठी देऊन बघतात, श्वास मोकळा झाला तर तोच एक पुरावा. पुढे पिमोबेंडनसारखं हृदयाचं औषध सुरू होतं, आणि योग्य औषध लागलं की असे पिग चांगले महिनोन्महिने जगतात, खातात, ओरडून खाऊ मागतात. त्यांना "जुनी सर्दी" म्हणून महिनोन्महिने अँटिबायोटिक पाजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

दातही विसरू नका. गिनी पिगचे सगळे दात आयुष्यभर वाढतात, आणि वरच्या दाढांची मुळं वर सरकली तर नाकाच्या आणि अश्रूंच्या वाटेवर दाब येतो. एकाच नाकपुडीतून स्राव, एकच डोळा सतत ओला, खाताना घास तोंडातून पडणं, हे दिसलं तर दाढा तपासायला सांगा. नुसती पुढची दातं बघून "दात ठीक आहेत" म्हणता येत नाही, दाढा बघायला वेगळं उपकरण लागतं आणि मुळं बघायला डोक्याचा एक्स-रे. एका नाकपुडीतून अचानक स्राव आणि जोरात शिंका असतील तर गवताची काडी अडकलेली असण्याचीही शक्यता असते.

आणि पोट. पोट फुगून ढोलासारखं टणक झालं तर फुफ्फुसाला जागाच राहत नाही, मग श्वास जोरात चालतो आणि आपण छातीची औषधं देत बसतो. ही इमर्जन्सी आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

औषध दिलं पण खाण्याकडे बघितलं नाही

नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही म्हणून खाणं नाही, आणि गिनी पिगचं खाणं थांबलं की आतडं थांबतं. अर्धा दिवस काही न खाणं हीसुद्धा त्याच्यासाठी गंभीर गोष्ट आहे. श्वासाच्या त्रासात गेलेले कितीतरी पिग खरं तर उपाशी राहिल्यामुळे जातात.

म्हणून किचनमधल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळेला वजन करा आणि लिहा. तो खातोय असं दिसणं आणि खरंच पोटात जाणं यात फरक असतो, काटा खोटं बोलत नाही. दोन-तीन दिवसांत ५० ग्रॅम उतरलं तर डॉक्टरांना फोन करा, १०० ग्रॅम उतरलं तर घेऊन जा. लेंड्याही बघा, बारीक, कोरड्या किंवा कमी झाल्या तर खाणं कमी झालंय.

हाताने भरवावं लागलं तर भरवण्याचीच चूक होऊ शकते. भिजवलेल्या पेलेटची (गिनी पिगच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची) पातळ पेस्ट किंवा आजारी प्राण्यांसाठी मिळणारं रिकव्हरी फूड सिरींजमध्ये घ्या, पिगला चारही पाय टेकवून सरळ बसवा, सिरींज पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने घाला, आणि एका वेळी अर्धा मिली, फार तर एक मिली. तो चावतोय, गिळतोय हे दिसल्याशिवाय पुढचा थेंब नाही. समोरून जोरात ढकललं किंवा उताणं धरून पाजलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि आधीच आजारी फुफ्फुसात नवीन न्यूमोनिया सुरू होतो. श्वास फारच जोरात चालू असेल तेव्हा भरवूच नका, आधी ऑक्सिजन, मग खाणं. औषधाचे थेंबही याच पद्धतीने. प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यासाठीचे चांगले बॅक्टेरिया, देत असाल तर अँटिबायोटिकनंतर तास-दोन तास जाऊ द्या, नाहीतर अँटिबायोटिक त्यांनाही मारून टाकतं.

व्हिटॅमिन सी पण इथेच सांगतो. आपल्यासारखंच गिनी पिगचं शरीर ते बनवू शकत नाही. तब्येत चांगली असताना किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात डॉक्टर वाढवून देतात. पाण्याच्या बाटलीत टाकायचं नाही, पाण्यात ते लवकर खराब होतं, शिवाय चव बदलली की तो पाणी प्यायचंच कमी करतो. थेट सिरींजने द्या, आणि ढोबळी मिरची रोज थोडी.

गरम वाफ, बाम, निलगिरी

माणसाच्या सर्दीचे उपाय इथे उलटतात. गरम पाण्याच्या वाफेने पिग तापतो, भाजूही शकतो, आणि २७-२८ अंशांच्या वर गेलं की गिनी पिगला उष्माघाताचा धोका सुरू होतो. बाम, निलगिरी, कुठलंही सुगंधी तेल, हे त्याच्या नाकाला झोंबतं, आणि अंगाला लावलं तर तो ते चाटतो. करायचं असेल तर नेब्युलायझर, म्हणजे द्रवाचं बारीक धुकं करणारं यंत्र. पिगला छोट्या कॅरिअरमध्ये बसवायचं, वरून टॉवेल टाकायचा पण हवेला फट ठेवायची, नळी आत सोडायची आणि साधं ०.९ टक्क्यांचं सलाइन १०-१५ मिनिटं. थंड धुकं असतं, त्याने चिकट स्राव सैल होतो. त्यात औषध घालायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. तो आत अस्वस्थ झाला, श्वास वाढला तर तिथेच थांबवा. आणि हे उपचारांच्या जोडीला आहे, उपचारांऐवजी नाही.

पिंजरा तसाच ठेवणं

खाली वाकून तुमचं नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्या आणि श्वास घ्या, कारण तो दिवसभर तिथलीच हवा घेतो. लघवीचा उग्र वास, म्हणजे अमोनिया, आला तर औषधं कशी लागू पडणार? तो अमोनिया नाकाचं आणि श्वासनलिकेचं अस्तर सतत जाळत असतो. ओले कोपरे रोज काढा. सीडर आणि कच्च्या पाइनचा भुसा बंद करा, त्याच्यातल्या वासाच्या द्रव्यांनी श्वासमार्गाला त्रास होतो. कागदाचं बेडिंग किंवा फ्लीस (लोकरीसारखं मऊ कापड) घ्या, फ्लीस वेळेवर धुतलं जात असेल तरच. गवत पिंजऱ्याबाहेर झटकून मग द्या, बुरशीचा वास आला तर सगळा गठ्ठा फेकून द्या. रूम फ्रेशनर, सुगंधी मेणबत्ती, सिगारेट त्या खोलीत नको. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट अंगावर नको, पण हवा खेळती हवी.

काचेच्या टाकीत ठेवला असेल तर बाहेर काढाच, तिथे हवा कोंडते.

जोडीदाराचं काय, असं बरेच जण विचारतात. लक्षणं दिसेपर्यंत दुसऱ्याने तीच हवा घेऊन झालेली असते, आणि एकदम एकटं पाडलं की आजारी पिग खाणं आणखी कमी करतो. त्यामुळे डॉक्टरांनी वेगळं करायला सांगितलं नसेल तर जाळी लावून शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे कोण किती खातोय आणि कुणाच्या लेंड्या किती ते वेगळं कळतं. दुसऱ्याचंही वजन आणि श्वास रोज मोजा, त्याला एक शिंक जास्त आली तरी डॉक्टरांना सांगा. कोर्स संपला की आठवड्याभराने छाती परत तपासून घ्या, न्यूमोनिया होता तर परत एक्स-रे लागेल का ते विचारा, आणि मगच जाळी काढा.