लडलोची सहल: वार, वेळ आणि तिकिटाच्या या चुका टाळा

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशर परगण्यात लडलो नावाचं गाव आहे. टीम नदीच्या वळणावर टेकडी, टेकडीच्या टोकाला अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला किल्ला, किल्ल्याच्या दारासमोर बाजारचौक आणि तिथून नदीकडे उतरणारे रस्ते. सुमारे पाचशे इमारती कायद्याने संरक्षित आहेत. हे सगळं पायी हिंडता येईल एवढ्यात मावतं. गाव लहान म्हणून लोक नियोजनही किरकोळ करतात, आणि तिथेच सहल फसते. लंडन रोज आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतं. लडलो वारावर चालतं. आपल्याकडच्या आठवडी बाजाराच्या गावाला ज्याने बाजाराच्या दिवशी आणि इतर दिवशी पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आधी तारीख ठरवणं, मग वार बघणं

ही सगळ्यात मोठी चूक. लडलोचा मुख्य बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी किल्ल्यासमोरच्या चौकात भरतो. गुरुवारी आणि रविवारी ठरावीक आठवड्यांना जुन्या वस्तूंचे किंवा स्थानिक शेतमालाचे बाजार असतात. मंगळवारी चौक रिकामा. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मंगळवारी एका मुक्कामाला येणाऱ्याला बाजाराचं गाव बाजाराशिवाय बघावं लागतं.

आमच्या मते मंगळवारी संध्याकाळी पोचून शुक्रवारी दुपारी निघणं सर्वांत सोयीचं. बुधवार आणि शुक्रवार असे दोन बाजार मिळतात, मधला गुरुवार आसपासच्या किल्ल्यांसाठी राहतो. शिवाय आठवड्याच्या मध्यात खोल्या सहज मिळतात. शनिवार-रविवारला अनेक घरगुती निवासांत किमान दोन रात्रींची अट असते. बाजारात सकाळीच जा. दुपारी तीननंतर विक्रेते आवराआवर करू लागतात, पाऊस असेल तर त्याच्याही आधी.

याउलट सप्टेंबरमध्ये किल्ल्याच्या आवारात खाद्यमहोत्सव असतो. 1995 पासून चालत आलेला हा सोहळा खास त्यासाठी जावं असाच आहे, पण त्या शनिवार-रविवारी ऐनवेळी खोली मिळेल अशी आशा धरू नका. महोत्सवाची तारीख आधी पाहा आणि एकतर खोली कित्येक महिने आधी पक्की करा, नाहीतर तो आठवडा सरळ टाळा.

सुट्टी आपली, सूर्य तिथला

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीला धरून जाणाऱ्यांनी उजेडाचा हिशेब मांडायलाच हवा. मे महिन्यात सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे किल्ला आणि दुकानं बंद झाल्यावरही नदीकाठी फिरायला तीन-चार तास राहतात. मात्र मेच्या पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. गर्दी वाढते आणि बस कमी होतात.

दिवाळीच्या सुट्टीत उलट होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच दिवसापासून पावणेपाचलाच सूर्यास्त. त्याच सुमारास तिथल्या शाळांनाही आठवडाभर सुट्टी असते. अशा वेळी बाहेरचं सगळं दुपारी तीनच्या आत उरका. नदीपलीकडच्या विटक्लिफच्या माळावरून गाव आणि किल्ला बघायचा असेल तर सकाळीच जा. तिथे जाणाऱ्या नदीकाठच्या पायवाटेचं नाव ब्रेडवॉक. ती बांधणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव दिले जायचे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. वाट पावसात निसरडी होते. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

रेल्वे: तिकीट स्वस्त, पण कुठल्या गाडीचं?

लंडनहून लडलोला थेट गाडी नाही. यूस्टनहून निघाल्यास क्रूला, पॅडिंग्टनहून निघाल्यास न्यूपोर्टला गाडी बदलतात आणि एकूण तीन ते साडेतीन तास लागतात. ‘सकाळी जाऊन रात्री परत’ हा बेत म्हणजे सहा-सात तास डब्यात काढणं. मँचेस्टरला उतरणाऱ्यांचं काम सोपं आहे: शहराच्या पिकॅडिली स्थानकावरून क्रू, श्रूजबरीमार्गे लडलोला थेट गाड्या आहेत, दोन-सव्वादोन तासांच्या.

‘ॲडव्हान्स’ तिकीट सर्वांत स्वस्त, पण ते त्याच गाडीचं असतं. विमान उशिरा आलं आणि गाडी चुकली, तर तिकीट वाया. त्यामुळे भारतातून उतरल्या दिवशी ॲडव्हान्स घेऊ नका. ‘ऑफ-पीक’ घ्या, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून दिवसभरातली कोणतीही गाडी चालते. परतीला ॲडव्हान्स घ्यायला हरकत नाही. मात्र पहिली रेल्वेगाडीच उशिरा आली आणि त्यामुळे पुढची चुकली, तर त्याच तिकिटावर नंतरच्या गाडीने जाता येतं. घाबरून नवीन तिकीट काढू नका. स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला विचारा, तिकीट जपून ठेवा आणि उशिराची भरपाई नंतर ऑनलाइन मागा.

दोघं मिळून प्रवास करत असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्डवर एकतृतीयांश सवलत मिळते. दोघांनी एकत्रच असायला हवं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. रविवारी गाड्या कमी असतात आणि रुळांची कामं बहुधा शनिवार-रविवारीच निघतात, तेव्हा मधल्या एखाद्या टप्प्यावर गाडीऐवजी बस मिळू शकते. निघण्याच्या आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा.

लडलो स्थानकापासून चौक पायी दहा मिनिटांवर आहे, पण चढावर. मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी आधी सांगून ठेवा.

जुन्या घरातली खोली

लाकडी चौकटीचं चारशे वर्षांचं घर फोटोत फार देखणं दिसतं. द फेदर्स हॉटेलचा 1619 चा कोरीव दर्शनी भाग बघायला लोक रस्त्यात थबकतात. पण अशा संरक्षित इमारतींत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी लिफ्ट नसते. जिने अरुंद आणि वळणाचे, जमीन उतरती, तुळया डोक्याला लागतील एवढ्या खाली. आई-वडील बरोबर असतील तर बुकिंगच्या आधीच निरोप पाठवून तीन गोष्टी विचारा: खोली कितव्या मजल्यावर आहे, किती पायऱ्या आहेत, आणि अंघोळीला टबात चढावं लागतं का. टबाची उंच कड ओलांडणं हा गुडघेदुखीच्या माणसासाठी जिन्याहून मोठा त्रास ठरतो.

पोचण्याची वेळही कळवा. घरगुती निवासांत चोवीस तास कोणी बसलेलं नसतं. खोली साधारण तीन-चारनंतर मिळते आणि न्याहारी ठरलेल्या वेळीच. आपले प्लग तिथल्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटमध्ये जात नाहीत, म्हणून अडॅप्टर न्या. व्होल्टेज मात्र आपल्यासारखंच, 230. न्हाणीघरात नेहमीचं सॉकेट नसतं, आणि दिव्याचं बटण सापडत नसेल तर छताकडून लोंबणारी दोरी ओढा.

जेवणाच्या वेळा, आणि शाकाहारी असाल तर

पबच्या स्वयंपाकघरात दुपारी बारा ते दोन-अडीच आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ जेवण मिळतं, हे गृहीत धरून चाला. नऊनंतर पब उघडा दिसला तरी चूल विझलेली असते. रविवारी दुपारचं भाजलेल्या मांसाचं पारंपरिक जेवण आधी टेबल राखल्याशिवाय मिळणं कठीण, आणि संध्याकाळी बरीच स्वयंपाकघरं बंद. सोमवारी-मंगळवारी काही उपाहारगृहांना सुट्टी असते. पोचायच्या दिवसाचं रात्रीचं जेवण म्हणूनच आधी ठरवा, किंवा पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. रविवारी मोठ्या दुकानांना कायद्याने सहाच तास उघडं राहता येतं.

शाकाहारी लोक मांस टाळतात, पण चरबीपाशी चुकतात. काही ठिकाणी चिप्स (म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज) गाईच्या चरबीत तळतात. ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची. यॉर्कशर पुडिंग म्हणजे अंडं, दूध आणि मैदा, आणि तेही कधी चरबीत भाजलेलं. काही चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं. मेन्यूवर ‘व्ही’ म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं चालतं. ‘व्हीई’ किंवा ‘व्हीगन’ म्हणजे दूधही नाही. अंडं न खाणाऱ्याने ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नये, ‘नो एग’ वेगळं सांगावं. चौदा ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं दुकानदाराला बंधनकारक आहे आणि अंडं व दूध त्यांत येतात, तेव्हा निःसंकोच विचारा.

बाजारात कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी वीस-तीस पौंड रोख ठेवा. आपलं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये चालू करा. नातेवाइकांनी कपाटात जपलेल्या कागदी पौंडाच्या नोटा मात्र नेऊ नका. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटाही 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत.

गाडी भाड्याने घेणार असाल तर

भारतीय परवाना बारा महिन्यांपर्यंत चालतो आणि गाडी डावीकडूनच चालवायची, म्हणून आत्मविश्वास वाढतो. अडचण येते ती गल्लीसारख्या गावरस्त्यांवर: दोन्हीकडे उंच कुंपण, मध्ये एकाच गाडीपुरती जागा. समोरून कोणी आलं तर डावीकडच्या रुंद जागेत शिरा. ती उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला तिथे शिरू द्या. पांढऱ्या वर्तुळातली काळी तिरकी रेघ अशा रस्त्यावर ताशी 60 मैल ही कमाल मर्यादा सांगते. तो वेग गाठायचाच असा त्याचा अर्थ नाही. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगमध्येच निवडा. बाजाराच्या दिवशी चौकाजवळ जागा शोधत फिरण्यापेक्षा गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला गाडी लावा आणि तिथून बसने गावात या.

एकच पास, तीन मालक

किल्ल्यांच्या सवलतीच्या पासवर बरेच पैसे वाया जातात. लडलोचा किल्ला पोविस घराण्याच्या इस्टेटीकडे आहे. तिथे इंग्लिश हेरिटेज किंवा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थांचा पास चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. सात मैलांवरचा स्टोकसे किल्ला इंग्लिश हेरिटेजचा. लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला, म्हणजे बाजाराच्या पैशाने काय उभं राहिलं ते तिथे दिसतं. क्रेव्हन आर्म्स स्थानकापासून तो मैलभर चालत आहे. हिवाळ्यात किल्ले आठवड्यातले काही दिवस बंद असू शकतात, वार तपासून निघा.

सेंट लॉरेन्स चर्चला मात्र घाईत ‘एक फोटो’ म्हणून उरकू नका. 135 फुटी मनोऱ्यापेक्षाही आतली गायकवृंदाची लाकडी आसनं बघा. घडीचं आसन उचललं की खाली कोरीवकाम दिसतं. त्यातल्या एकावर मापात मारणारी दारूविक्रेती आहे: सैतानाने तिला खांद्यावरून उलटं लटकवलंय, आणि लबाडीचं माप अजून तिच्या हातात आहे. बाजाराच्या गावाने मापातल्या पापाला दिलेली ही जागा.

तिसरा किल्ला पोविस, वेल्समधल्या वेल्शपूलजवळ, नॅशनल ट्रस्टकडे. मराठी माणसाने त्यासाठी एक दिवस काढावा असं आम्हाला मनापासून वाटतं. रॉबर्ट क्लाइव्ह श्रॉपशरचाच. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रज मोहिमेत तो होता. त्याच्या मुलाने पोविस घराण्यात लग्न केलं आणि क्लाइव्ह कुटुंबाने भारतातून नेलेल्या वस्तू, टिपू सुलतानाच्या तंबूसह, त्या किल्ल्यात आहेत. लडलोहून श्रूजबरीला गाडी बदलून वेल्शपूलला जावं लागतं. त्या फाट्यावर गाड्या साधारण दोन तासांनी एक असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी टिपून घ्या आणि स्थानकापर्यंत चालायला किमान अर्धा तास हाताशी ठेवा.