उपक्रम वर्गात फसतो तेव्हा: माध्यमिक शाळेतल्या या चुका टाळा

माध्यमिक शाळेत उपक्रमांना तोटा नाही. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 22 डिसेंबरला गणित दिन, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. फोटो निघतात, अहवाल फाइलला लागतो. पण मुलांना काय दिसलं, असं विचारलं की बहुतेकदा पुस्तकातलंच उत्तर मिळतं. चूक इथूनच सुरू होते: उत्तर आधी ठरलेलं असतं आणि उपक्रम ते सिद्ध करण्यापुरता होतो.

आठवी-नववीसाठी काठीच्या सावलीवरून गावाचा अक्षांश काढायचा उपक्रम घ्या. खर्च जवळजवळ शून्य. 20 मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, एक मीटरची उभी काठी घ्यायची, मध्यान्हीची, म्हणजे सूर्य सर्वांत वर असतानाची, सावली मोजायची. सावलीला काठीच्या उंचीनं भागलं की अक्षांशाचा टॅन्जंट मिळतो; हे त्रिकोणमितीतलं गुणोत्तर, त्यावरून कोन कोष्टकात सापडतो. पुण्यात ही सावली साधारण साडेतेहेतीस सेंटिमीटर भरते, म्हणजे साडेअठरा अंश.

आता सर्वांत मोठी चूक. मध्यान्ह म्हणजे दुपारचे बारा, असं धरून वर्ग बरोबर बाराला मैदानात उतरतो. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यात मार्चमध्ये सूर्य घड्याळापेक्षा सात-आठ मिनिटं मागे असतो. म्हणून त्या दिवशी पुण्याची खरी मध्यान्ह 12.42 च्या आसपास होते, मुंबईची 12.46 ला, नागपूरची 12.21 ला. पुण्यात बाराच्या ठोक्याला मोजलेली सावली जवळपास 39 सेंटिमीटर येते आणि त्यावरून अक्षांश निघतो एकवीस अंशांच्या थोडा वर. म्हणजे पुणं थेट नागपूरच्या रांगेत! इथे बरेच शिक्षक “मोजण्यात चूक झाली” म्हणत नकाशातला आकडा फळ्यावर लिहून मोकळे होतात. उपक्रमाचा खरा तास तर इथून सुरू व्हायला हवा. सव्वाबारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करू द्या. सर्वांत आखूड सावली कधी होती, हे मुलं स्वतःच सांगतील आणि प्रमाणवेळ म्हणजे काय हा भूगोलातला धडा न शिकवता कळेल.

तरीही उत्तर चुकतंय? मग ओळंबा लावून बघा. काठी उत्तरेला किंवा दक्षिणेला एक अंश कलली, की अक्षांशही जवळपास तेवढाच हलतो. सावलीचं टोक पुसट दिसत असेल तर काठीच्या शेंड्यावर बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा आडवा लावा. जमिनीवर उजेडाचा छोटा गोल पडतो, त्याचा मध्य धरायचा. मग उंची छिद्रापर्यंत मोजायची, हे मात्र विसरू नका. सावलीत एका सेंटिमीटरची चूक म्हणजे सुमारे अर्धा अंश, जमिनीवर पन्नासेक किलोमीटर. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या, पट्टी किती काळजीनं धरायची ते पुन्हा सांगावं लागत नाही.

कांद्याच्या पापुद्र्याच्या स्लाइडचं दुखणं वेगळं. पापुद्रा जाड निघाला की पेशी एकावर एक दिसतात. कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, आडवी टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि जाड काळ्या कडेचे ते गोल मुलं मोठ्या भक्तिभावानं “पेशी” म्हणून वहीत काढतात. कव्हरस्लिप एका कडेनं टेकवून सुईनं हळूच खाली सोडायची, आणि आधी कमी क्षमतेच्या भिंगाखाली बघायचं. त्याहून वाईट म्हणजे सूक्ष्मदर्शकात काहीही दिसो, आकृती पुस्तकातून उतरवली जाते. पुस्तक दप्तरात ठेवायला सांगा. आकृती ओबडधोबड येईल, येऊ द्या.

प्रदर्शनातला सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी तर कायमचा पाहुणा. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे; खऱ्या ज्वालामुखीशी या रासायनिक क्रियेचा संबंध नाही. शिवाय आपल्या पायाखालचा दख्खनचा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून पसरला, शंकूच्या तोंडातून नव्हे. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांत हे थर दिसतात. पुठ्ठ्याला भेग पाडून, खालून पातळ आणि घट्ट खळ सोडून कोणती किती लांब वाहते ते मोजलं, तर तेवढ्याच खर्चात प्रकल्प आपल्या मातीचा होतो. दुकानातून तयार मॉडेल आणणाऱ्या पालकांना अडवणं अवघड जातं, पण परीक्षकांनी मॉडेलऐवजी नोंदवही आधी मागितली की ती सवय आपोआप मोडते.

गटात नेहमी सुंदर अक्षराची मुलगी लिहिते आणि धीट मुलगा उपकरण धरतो. दर वेळी कामं बदलून द्या, एवढं पुरे.

आणि वेळापत्रक. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साहित्य वाटून आवरेपर्यंत घंटा होते. शेजारच्या विषयाच्या शिक्षकांशी बोलून महिन्यातून एक जोडतास मागून घ्या. त्यातली शेवटची दहा मिनिटं फक्त एका प्रश्नाला ठेवा: आपलं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं का आलं?