मेंढरं वळणारा कुत्रा कसा तयार करावा

आपल्याकडे धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा मुख्यतः राखणीचा. लांडगा आला की अंगावर जायचं, हे त्याचं काम. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतला बॉर्डर कॉली मात्र पांगलेला कळप गोळा करून मालकापाशी आणतो, तोही न भुंकता, न चावता. आजचे बहुतेक बॉर्डर कॉली १८९३ मध्ये नॉर्दम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’च्या वंशातले. वळणं त्यांच्या रक्तातच असतं. आपण शिकवायचं ते थांबणं.

म्हणून मेंढरांच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा: हाक मारली की येणं, आणि ‘लाय डाउन’ म्हटलं की असेल तिथे बसणं. घरात बसतो म्हणून खूश होऊ नका, धावता धावता बसला पाहिजे. साधारण आठ-दहा महिन्यांचा होईपर्यंत त्याला कळपात मोकळा सोडू नका.

सुरुवातीला लहान कुंपणात कुत्र्याला सरावलेली पाच-सहा मेंढरं घ्या. कोकरं असलेली मेंढी नकोच. ती सरळ धडक मारते, आणि एकदा कच खाल्लेला तरुण कुत्रा पुन्हा उभा राहायला फार वेळ लागतो. गळपट्ट्याला लांब दोरी असू द्या.

आता मेंढरांजवळ उभे राहा. कुत्रा आपोआप पलीकडे, तुमच्या बरोबर समोर जाऊ पाहील. घड्याळात तुम्ही सहावर असाल, तर तो बारावर. तुम्ही बाजूला सरकलात की तोही समोर राहण्यासाठी फिरेल. फिरत असतानाच शब्द उच्चारा: घड्याळाच्या दिशेने फिरला तर ‘कम-बाय’, उलट फिरला तर ‘अवे’. आधी शब्द पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

या वेळी त्याच्या शेपटीकडे बघा. शरीर खाली झुकलेलं, नजर मेंढरांवर रोखलेली, एक पुढचा पाय हवेत थबकलेला आणि शेपूट खाली, म्हणजे कामात आहे. शेपूट वर गेली की खेळ सुरू झाला. तो मध्ये घुसला तर मारू नका. काठी आडवी धरून मधे या आणि त्याला बाहेर रेटा. दहा-पंधरा मिनिटांत, त्याचा उत्साह टिकून असतानाच, ‘दॅट विल डू’ म्हणून मेंढरांपासून दूर घेऊन जा.

हे जमलं की अंतर हळूहळू वाढवा. कुत्र्याने सरळ रेषेत न जाता नासपतीच्या आकाराचा वळसा घेऊन कळपाच्या मागे पोचायला हवं. सरळ गेला की मेंढरं उधळलीच. मागे पोचल्यावर आधी ‘लाय डाउन’, मग ‘वॉक अप’: सावकाश पुढे. कळप पहिल्यांदा हलतो तो क्षण सगळ्यात नाजूक, तिथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

कळप आपल्यापासून दूर हाकायला लावणं त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे, ते नंतरसाठी ठेवा. शिट्टीही मागाहून. वाऱ्यात आवाज पोचत नाही, तेव्हा शब्दापाठोपाठ त्याची ठरलेली शिट्टी वाजवत जा आणि हळूहळू शब्द गाळा.