बजेट महिन्याचं, खर्च वर्षाचे

घरखर्चाचं बजेट कागदावर छान जमतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोलमडतं. कारण बहुधा एकच असतं: विम्याचा हप्ता, मुलांची फी, गाडीचं सर्व्हिसिंग असे वर्षातून एकदा-दोनदा उगवणारे खर्च त्यात धरलेलेच नसतात. मग ‘या महिन्यात जरा जास्तच झाला’ असं म्हणून पुढे जायचं, आणि असा ‘जरा जास्त’वाला महिना वर्षातून सहा-सात वेळा यायचा.

म्हणून सुरुवात आकडे ठरवण्यापासून करू नका. आधी गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं पुरत नाही, वार्षिक खर्च त्यात सापडत नाहीत. ओळीओळीवर खूण करत जा: दरमहा येणारा खर्च आणि अधूनमधून येणारा. रोख काढलेल्या पैशांचं पुढे काय झालं, हे मात्र स्टेटमेंट सांगणार नाही. तेवढ्यासाठी चार आठवडे रोखीचा खर्च त्या त्या दिवशी लिहा. रात्री आठवून लिहायचं म्हटलं की किरकोळ रकमा हमखास सुटतात.

आता अधूनमधूनच्या खर्चांची यादी करा, रकमेपुढे तारीख घाला. विमा वर्षाला २४,००० असेल तर महिन्याला २,००० बाजूला, हे गणित सगळ्यांना येतं. पण हप्ता चार महिन्यांवर आला असेल तर? दरमहा २,००० टाकून तोवर ८,०००च जमतील आणि १६,००० कमी पडतील. म्हणून पहिल्या खेपेला बारानं नव्हे, हातात उरलेल्या महिन्यांनी भागायचं: चार महिने ६,०००, त्यानंतर २,०००. पहिलं वर्ष त्यामुळे जड जातं, त्याला इलाज नाही. हे पैसे रोजच्या खात्यात ठेवू नका. शिल्लक दिसली की ती खर्चायचीच वाटते.

उत्पन्नाच्या बाजूला हातात पडणारी रक्कमच लिहा, कपातीआधीचा पगार नको. कमाई कमीजास्त होत असेल तर वर्षातला सर्वांत कमी कमाईचा महिना धरा आणि चांगल्या महिन्यातलं वरचं वेगळं ठेवा.

खर्चाची खाती, म्हणजे वहीतले किराणा, प्रवास असे गट, आठ-दहा पुरेत. पंचवीस केलीत तर दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडेल. ‘इतर’मध्ये एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहून जास्त जायला लागलं तर ते उघडून बघा, आत एखादं अख्खं खातं लपलेलं असतं. गरजांना ५०, हौसेला ३०, बचतीला २० टक्के हा प्रसिद्ध नियम पडताळणीपुरता ठीक; भाडं किंवा कर्जाचा हप्ताच मोठा असलेल्या घरात तो बसत नाही, उगाच ओढूनताणून बसवू नका.

क्रेडिट कार्डाचा खर्च खरेदीच्या दिवशीच लिहा. बिल भरताना पुन्हा लिहिला तर तो दोनदा मोजला जातो. बिल थकत असेल तर आधी ते मिटवा: महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला ४२ टक्क्यांहून जास्त, आणि एवढं व्याज कुठलीच बचत देत नाही.

किराणा आणि किरकोळ खर्चाला आठवड्याची मर्यादा घातलेली बरी, पण महिन्याच्या रकमेला चारनं भागू नका. महिन्याला १३,००० ठरले असतील तर चारनं भागून आठवड्याला ३,२५० येतात. ५२ आठवड्यांचे १,६९,००० होतात आणि बजेट आहे १,५६,०००. एक अख्खा तेरावा महिना गुपचूप खर्च होतो! बारानं गुणून ५२नं भागा: ३,०००.

पगार जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाजूला टाकायच्या रकमा आपोआप वळत्या होतील अशी सोय बँकेत करून घ्या. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसून आकडे ताडून बघा. महिनाअखेरीस बघून उपयोग नाही, तोवर पैसे गेलेले असतात. एखाद्या खात्यात जास्त गेलं तर दुसऱ्यातून काढून भरा आणि कुठून काढलं ते लिहा. सलग तीन महिने तेच खातं फुटत असेल तर मूळ अंदाजच चुकलाय, आकडा वाढवा आणि तेवढी कात्री दुसरीकडे लावा.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर थोडी रक्कम स्वतःच्या खर्चाची म्हणून ठेवा. तिचा हिशेब लिहायचा नाही आणि कुणी कुणाला विचारायचाही नाही.