पुडी सापडल्यावर पहिले पंधरा दिवस

मावा मळताना तळहातावर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा धरतात, त्यात कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून रगडतात, वरून रबर गुंडाळतात. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी तालुक्याच्या गावी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, 27 वर्षं झाली. वर्गात काही चाललंय हे मला आधी त्या रबरावरून कळतं. पिवळा, पातळ, बाकाखाली पडलेला. एक पडला तर पडला. एकाच बाकाखाली आठवड्यात चार सापडले, की मी डायरी काढते.

हे मुख्यतः वर्गशिक्षकांसाठी लिहितेय, पण आईवडिलांनाही लागू पडेल. आणि आधी माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच शिकले. पंधराएक वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात माव्याची पुडी सापडली. मी त्याला शिक्षकांच्या खोलीत नेलं, तिथे आम्ही सातजण होतो, प्रत्येकाने एकेक वाक्य सुनावलं. वडिलांना फोन करून बोलावलं. त्यांनी आमच्यासमोरच पट्टा काढला आणि आम्ही ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणत उभे राहिलो. सोमवारी पोरगं आलं नाही. दिवाळीनंतर ते मला उसाच्या ट्रॉलीवर दिसलं, गाल फुगलेलाच होता. मावा काही सुटला नाही, शाळा मात्र सुटली.

तेव्हापासून माझा एकच नियम: मुलगा शाळेत टिकला पाहिजे. रोज सहा तास तो आपल्या नजरेसमोर असतो, हे आपल्या हातातलं सगळ्यात मोठं औषध आहे. दाखला हातात दिला की तेच गेलं.

आता कामाचं. पुडी सापडली की त्या दिवशी काहीही करू नका. खरंच काही करू नका, फक्त पुडी काढून घ्या आणि ‘उद्या बोलू’ म्हणा. रागात बोललेलं पोरं दहा वर्षं लक्षात ठेवतात. आणि वर्गासमोर दप्तरांची झडती तर कधीच नको. झडतीनंतर माल दप्तरातून सायकलच्या सीटखाली जातो, एवढाच फरक पडतो.

मग आठ-दहा दिवस नुसतं बघा आणि लिहून ठेवा. लाल डोळे, पेंग, चिडचिड यांवर जाऊ नका. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणाऱ्या निम्म्या वर्गाची ही लक्षणं असतात. मी बघते ते असं: कोण अचानक तिखट खाईना झालाय. डबा उघडला की ठेचा बाजूला सारतो, मिसळीच्या पार्टीत नुसता पाव खातो. सुपारी-तंबाखूने तोंडाची आतली कातडी ताठरते आणि तिखट झोंबायला लागतं. अशा पोराला मी हसत-हसत सांगते, तुझीच तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखव. तर्जनी, मधलं, अनामिका, एकावर एक. निरोगी तोंडात ती सहसा जातात. दोनच गेली तर व्यसनाचं भाषण बाजूला ठेवा, आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या. तोंडाच्या कर्करोगाची वाट इथूनही जाते.

दुसरं म्हणजे पैसा आणि संगत. वह्यांना पैसे नाहीत म्हणणारा रोज टपरीवर दिसतो. दहावीतला पोरगा अकरावी-बारावीच्या पोरांच्या गाडीवर मागे बसून येतो. यातलं एकच दिसलं तर मी गप्प बसते. तीन गोष्टी जुळल्या तर बोलते.

आणि मुलींचं काय, हे कुणी विचारतच नाही. 2019 च्या देशव्यापी शालेय पाहणीत 13 ते 15 वर्षांच्या शंभर मुलांमुलींमागे साडेआठ जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. मुलगे 9.6 टक्के, मुली 7.4. म्हणजे अंतर फारसं नाही. आमच्याकडे मुलींच्या तंबाखूचं नाव मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. आजीच्या डबीतून सुरू होते, ‘दात दुखतो’ म्हणून. मुलीच्या खिशात पुडी सापडत नाही, कारण तिची पुडी घरातच असते. 58 जणांच्या माझ्या वर्गात हिशेबाने पाच जण निघायला हवेत. मला दोनच माहीत असतील, तर तिघे माझ्या नजरेतून सुटलेत एवढंच.

तंबाखूपलीकडचं काय काय आढळतं, तेही ओळखता आलं पाहिजे. बीअर आणि देशी बहुधा गॅदरिंग, निरोप समारंभ आणि शेवटच्या पेपरच्या दिवशी, कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून. राज्यात बीअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षांची अट आहे, पण बाटली आणणारा बहुधा कुणाचा तरी मोठा भाऊ असतो. गांजाचा वास एकदा कळला की विसरत नाही, जळलेल्या ओल्या गवतासारखा. ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे, तरी पेनड्राइव्हसारखी दिसणारी, फळांचा वास मारणारी वस्तू मी स्वतः प्रयोगशाळेच्या कपाटामागून काढली आहे. गोळ्यांचं प्रकरण वेगळं. मालेगावकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती झोपेची, अल्प्राझोलमची गोळी. ती रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. म्हणून गोळ्या गटारात टाकून ‘सुटलास बघ’ म्हणू नका. रिकामं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती पंक्चरच्या सोल्युशनची आणि व्हाइटनरची. रुमालावर ओतून हुंगतात. स्वस्त, दुकानात सहज मिळणारं, आणि कुणी विचारलं तर ‘सायकल पंक्चर होती’. 2019 मध्येच सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभराची पाहणी करून घेतली होती. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं. बाकी कुठल्याही नशेच्या बाबतीत असं निघालं नाही. इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. पोरगं हुंगताना सापडलं तर ओरडू नका, पकडायला मागे पळू नका. त्या वाफांनी हृदय आधीच हळवं झालेलं असतं. दचकून पळालं, की ठोक्यांची लय बिघडून ते जागच्या जागी कोसळू शकतं, पहिल्यांदा हुंगणारंसुद्धा. सावकाश जवळ जा, मोकळ्या हवेत बसवा, हळू आवाजात बोला. रागवायला उद्याचा दिवस आहेच.

आता बोलायचं कसं. मुख्याध्यापकांच्या खोलीत नको, समोरासमोर खुर्च्या टाकून तर मुळीच नको. मी पोराला परीक्षानळ्या धुवायला बोलावते. दोघं नळापाशी शेजारी-शेजारी, हात ओले, नजर नळीत. नजरेला नजर भिडवावी लागली नाही की पोरं बोलतात. ‘का खातोस?’ हा प्रश्न मी विचारत नाही, त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतंच. कुणाबरोबर, कुठे, कधीपासून, हे विचारते. एकदा असं झालं:

“सकाळी पहिला बार कधी लागतो रे?”

“तोंड धुतल्यावर, मॅडम.”

“नाश्त्याआधी?”

“चहाच्या बी आधी.”

या एका उत्तरात सगळं आलं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर ती गंमत राहिलेली नाही, शरीराला सवय लागली आहे. नुसत्या शपथेने भागणार नाही, डॉक्टर लागतील. शनिवारी मित्रांबरोबर एखादी पुडी खाणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा दोन-तीन गप्पा आणि थोडी नजर पुरते. दोघांना एकच औषध देऊ नका.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मी म्हणते, “घरी सांगावं लागेल, पण कुणाला आणि कसं ते आपण दोघं मिळून ठरवू.” बहुतेक पोरं आईचं नाव घेतात, काही मामाचं. एकाने आजोबांचं घेतलं होतं. ते माळकरी होते आणि त्यांनी सगळ्यात छान सांभाळलं.

घरच्यांना शाळेत बोलावण्यापेक्षा मी संध्याकाळी घरी जाते. चहा होऊ देते. पहिलं वाक्य पोराच्या एखाद्या चांगल्या गोष्टीचं, खोटं नाही, खरंच असलेलं. मग सांगते. आणि सांगण्याआधी अट घालते: हात उचलायचा नाही. एका आईने मला सरळ विचारलं, “मॅडम, आमच्या सासूबाई मिश्री लावत्यात, ह्याचे वडील रोज पिऊन येत्यात. मी ह्याला कोणत्या तोंडानं सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही एवढंच ठरवलं की वडिलांची उरलेली बाटली घरात राहायची नाही आणि मिश्रीची डबी सासूबाईंनी कनवटीला ठेवायची. डबीवरून महिनाभर कुरकुर झाली, पण झालं.

डॉक्टरकडे जायचं तर कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतं, तिथे आधी विचारा. पुण्यात मुक्तांगण आहे, 1986 पासून. फोनवरून सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446, तंबाखूसाठी 1800112356, मनाच्या त्रासासाठी 14416, आणि घरात मारहाण किंवा त्याहून वाईट काही चाललं असेल तर 1098. हे आकडे मी वर्गाच्या दारामागे खडूने लिहून ठेवते. फळ्यावर लिहिले तर कुणी बघताना दिसू इच्छित नाही.

तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. डोकं दुखतं, भांडणं होतात, गणितात लक्ष लागत नाही. तीन-चार आठवड्यांत ओसरतं. त्या दिवसांत मी त्याला तोंडी प्रश्न विचारत नाही आणि बाकीच्या शिक्षकांना ‘बरं नाहीये त्याला’ एवढंच सांगते. तलफ आली की ती काही मिनिटांची असते. पाणी, बडीशेप, एक चक्कर. सुगंधी सुपारी मात्र नको. सुपारी हीच अर्धी बला आहे, पण दुकानदार ती ‘साधी’ म्हणून विकतो आणि आईवडील कौतुकाने घेऊन देतात. पोरगं पुन्हा घसरलं तर नवी सुनावणी नको. ‘कुठे होतास, कोण होतं?’ एवढं विचारून पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं.

टपरीचंही बघावं लागतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण विक्रीची तऱ्हा तुम्हालाही माहीत आहे. 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. आम्ही आठवीच्या मोजमापाच्या तासाला टेप घेऊन बाहेर पडलो. 100 यार्ड म्हणजे 91 मीटरच्या थोडं वर. टपरी निघाली 64 मीटरवर. पोरांनी आकृती काढली, ती अर्जाला जोडली. टपरी हलली, खरं सांगायचं तर वळणापलीकडे गेली. तरी मधल्या सुट्टीत तिथपर्यंत जाऊन परत येणं होत नाही, आणि मला तेवढंही चालतं. लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या 77 व्या कलमाने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुकानदाराला हे शांतपणे सांगितलं की बऱ्याचदा तक्रारीची गरज पडत नाही. एक पथ्य पाळा: आपल्या पोराचं नाव साक्षीदार म्हणून पुढे करू नका. त्याला त्याच रस्त्याने घरी जायचं असतं.

सहलीत किंवा निरोपाच्या दिवशी कुणी प्यालेलं सापडलं, तर आधी जीव. उताणं झोपवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. ओकारी काढायला लावू नका, लिंबू-ताक पाजू नका, थंड पाणी ओतू नका, एकटं सोडू नका. हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास होत असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर 108. शाळेचं नाव जाईल म्हणून वाट बघू नका. आमच्याकडे पंपहाउसमागे एक असा सापडला होता. शिपाईमामांनी त्याला कुशीवर वळवून धरलं, तोवर मी घड्याळ लावून श्वास मोजत होते. अकरा भरले. ते अकरा आकडे मोजताना माझा हात थरथरत होता.

आणि शेवटच्या पेपरचा दिवस. दुपारी दोनला पोरं सुटतात, खिशात पैसे असतात, घरी संध्याकाळपर्यंत कुणी विचारत नाही. धोक्याची वेळ तीच. म्हणून त्या दिवशी मी भेळ करते. 58 जणांना तीन किलो मुरमुरे, दीड किलो फरसाण, दोन किलो कांदा, चिंचेची चटणी आदल्या रात्री. कांदा चिरायची कामं कुणाला द्यायची, हे माझ्या डायरीत आधीच लिहिलेलं असतं. त्यांना वाटतं मॅडमना मदत लागते. तिखट चटणी मी वेगळ्या पातेल्यात ठेवते आणि कोण ती घेतंय, कोण नाही, ते बघत उभी राहते.